सुपरच्या फॉर्मवर आईचं नाव

गणपतीच्या आधी वेरिबीच्या घरात आवराआवरी करताना माझ्या सुपरचं जुनं पत्रक हाती आलं. तिकडच्या नातेवाइकांसाठी सांगतो, सुपर म्हणजे इथला पीएफ. १९९२ पासून सक्तीचा. १ जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के रक्कम कंपनी भरते. साठीपर्यंत सहसा हात लावता येत नाही.

पत्रकावर वारस म्हणून आईचं नाव होतं, साताऱ्याच्या पत्त्यासकट. लग्नाआधी मीच भरलेलं. म्हटलं, बदलायला हवं. नियम वाचले आणि घाम फुटला. जोडीदार, मुलं, आपल्यावर अवलंबून असलेली किंवा परस्परांच्या आधाराने राहणारी व्यक्ती, नाहीतर मृत्युपत्राचा कायदेशीर प्रतिनिधी, एवढ्यांचीच नावं चालतात. आई बाबांच्या पेन्शनवर जगते. ती यात बसतच नाही! शिवाय बऱ्याच फंडांत बंधनकारक नामनिर्देशन तीन वर्षांनी संपतं, आणि मृत्युपत्र केलं म्हणून सुपर आपोआप त्यात येत नाही.

मग बहुतेक रक्कम बायकोच्या नावे आणि थोडी मृत्युपत्राच्या प्रतिनिधीकडे केली. मृत्युपत्रात आईचा वाटा लिहिला. फॉर्मला दोन साक्षीदार लागतात. आरतीला आलेल्या शेजारच्या दोघांनी सह्या केल्या. त्यांचे स्वतःचे फॉर्म कोरेच आहेत, हे मोदक खाताना कळलं.

रात्री आईला फोन केला.

“बरं केलंस. मला काय करायचेत डॉलर?” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पण इतकी वर्षं माझं नाव होतं होय रे?”