वायर आधी की डिस्क?
ढाणकीसारख्या गावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला 100 जीबी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायचे असतील, तर त्याने आधी डिस्क बघावी, मग वायर. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला साधारण 120 एमबी लिहिते. यूएसबी 2.0 वर त्यातले जेमतेम 35 पोचतात, म्हणजे पाऊण तास गेला. तीच डिस्क 3.0 च्या, बहुधा निळ्या जिभेच्या, पोर्टला लावली की पाव तासात काम उरकतं. मग 40 गिगाबिटचं थंडरबोल्टच का नको? कारण पाइप रुंद केला म्हणून विहिरीचा झरा वाढत नाही. एसएसडीची गोष्ट वेगळी. तिथे जलद पोर्टचे पैसे वसूल होतात. मात्र टाइप-सीचं तोंड पाहून भुलू नये: चार्जरसोबत येणाऱ्या कित्येक वायरी आतून 2.0 च्याच असतात.