आमवात आणि कवळी

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. दंतवैद्यकाचे शिक्षण आमच्या गाठी नाही. तरी हा विषय घेतला. इंदिरानगरात अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांच्या घरी एक गोष्ट वारंवार पाहण्यात येते: कवळी डबीत, आणि आजीबाई ताकात भाकरी कुस्करून जेवताहेत. घरचे म्हणतात, “सवयच होत नाही.” आजीबाईंना आमवात असेल, तर एवढ्या उत्तराने भागत नाही.

या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक. हाताचे लहान सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. कानापुढचा जबड्याचा सांधा धरला, की तोंड पुरते उघडत नाही आणि मापाचा साचा आत जात नाही. काहींच्या तोंडाला कोरड पडते. वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. तो आटला की ती सुटते, हिरडी सोलवटते. मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या औषधानेही काहींचे तोंड येते, आणि बोल लागतो बिचाऱ्या कवळीला!

म्हणून दंतवैद्यास आजार व औषधे आधी सांगावीत. आपल्या मनाने औषध बंद करू नये. वेळ दुपारची मागावी, तोवर ताठरपणा उतरतो. मानेला आधार मागावा, कारण मानेचे मणकेही ढिले झालेले असू शकतात. तोंड कमी उघडत असेल तर दोन तुकड्यांच्या साच्याने माप घेता येते.

खरी मेख हातांची आहे. कवळी रोज काढायची, घासायची, रात्री पाण्यात ठेवायची. वाकड्या बोटांच्या चिमटीला हे कसे जमावे? बोटाला धर मिळेल अशी कड ठेवता येईल का, हे कवळी करतानाच विचारावे. ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचे रबर चढवावे. हत्याराची मूठ हाताला बसली नाही तर कामगार ती बदलून मागतो. तोच हक्क येथेही आहे. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. उकळते पाणी मात्र नको, कवळीचा आकार बिघडतो.

दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या साधनांत कवळीचाही समावेश आहे. ती कोठूनही मिळो, घरी आणण्यापूर्वी तेथेच चार वेळा स्वतःच्या हाताने काढून-घालून पाहावी, आणि जमत नसेल तर उठण्यापूर्वीच सांगावे.