दुखत नाही तेव्हाची तपासणी

यंत्रमाग कामगारांत आम्ही गेली 30 वर्षे वावरत आहोत. माग मोडण्याआधीच त्याला तेल घालावे, सैल पेच आवळावा, हे तेथे कोणास सांगावे लागत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र हाच कामगार म्हणतो, "पोरगं खातंय-खेळतंय, दवाखान्यात कशाला न्यायचं?" त्यात एका दिवसाची मजुरी बुडते, हेही खरेच.

आमच्या ओळखीच्या एका जॉबरची मुलगी चौथीत 'मठ्ठ' ठरली होती. डोळे तपासले तेव्हा कळले, की तिला फळ्यावरचे अक्षरच दिसत नव्हते. चष्मा आला आणि मठ्ठपणा गेला! कमी दिसणे दुखत नाही, रक्त कमी असणे दुखत नाही. म्हणून मूल तक्रार करीत नाही. तपासणी हवी ती याचसाठी.

तीत काय असावे? पहिले, वजन व उंची. एका दिवसाचा आकडा थोडेच सांगतो. मागील नोंदीशी तो ताडून पाहावा. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण समजून तत्काळ उपचार करावेत. दुसरे, बसणे, चालणे, बोलणे वयाप्रमाणे होते काय? बाळ आवाजाकडे वळत नसेल तर कान तपासावेत; जे ऐकत नाही ते बोलावयास कसे शिकणार? तिसरे, डोळे, दात, हृदयाचे ठोके आणि पापणीच्या आतील फिकेपणा. चौथे, लसींचे कार्ड. पहिल्या वर्षावर ते संपत नाही. दीड, 5, 10 व 16 या वर्षांच्याही लसी असतात. पाचवे, मुलाच्या खाण्या-झोपण्याविषयी आईला विचारणे. तिचे ऐकून घेणे हीही तपासणीच होय.

हे दान नव्हे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंत ही सोय विनामूल्य आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा यावयाचे असते. न आल्यास विचारणा करावी, आल्यास त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

आणि दोष सापडला, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळाली, पण मजुरी बुडेल म्हणून ती फळीवरच पडून राहिली, तर सारी तपासणी व्यर्थ! त्या एका दिवसाची भरपगारी रजा मागणे, हे आम्ही संघटनेचेच काम समजतो.