छप्पर, श्रद्धा आणि संमती : बेघर व्यसनाधीनांमधील ख्रिस्ती सेवाकार्य (जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

व्यसनमुक्तीच्या प्रचलित विचारात एक गृहीत दडलेले असते. रुग्णाला कोणीतरी केंद्रात आणून सोडते, नातेवाईक त्याचा पूर्वेतिहास सांगतात, खर्च उचलतात आणि उपचार संपल्यावर त्याला घरी घेऊन जातात. ज्याला घरच नाही अशा व्यसनाधीनाच्या बाबतीत हे गृहीत पहिल्याच पायरीवर कोसळते. रेल्वेचा फलाट, बसस्थानकाचा आडोसा किंवा बंद दुकानाची पायरी हाच ज्याचा पत्ता, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न ख्रिस्ती संस्था एकोणिसाव्या शतकापासून करीत आल्या आहेत. प्रस्तुत लेखात या सेवाकार्याची पद्धती, जालन्यातील मिशनरी वारशाशी तिचे असलेले साम्य आणि त्यातून उद्भवणारा संमतीचा प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बेघरपणा व व्यसन : परस्परसंबंध

2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 17.7 लक्ष व महाराष्ट्रात सुमारे 2.1 लक्ष व्यक्ती बेघर होत्या. व्यसनामुळे घर सुटते हे जितके खरे, तितकेच घर सुटल्यामुळे व्यसन जडते हेही खरे आहे. थंडी, भूक, मारहाणीची भीती आणि एकाकीपणा यांवर स्वस्त दारू हा तात्पुरता उतारा ठरतो. जालना जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात, तर शहरातील पोलाद उद्योगात परप्रांतीय मजूर येतात. जाणे आणि येणे या दोन्ही प्रवाहांत माणूस आपल्या माणसांपासून तुटण्याचा धोका असतो.

वैद्यकीय बाजूही तितकीच गंभीर आहे. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्याची दारू एकाएकी तुटल्यास काही तासांतच हातपाय थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमाची अवस्था उद्भवू शकते. ही अवस्था उपचाराअभावी प्राणघातक ठरू शकते. घरातील रुग्णाच्या उशाशी कोणीतरी बसलेले असते. फलाटावरील माणसाची तीच अवस्था येणाजाणाऱ्यांना केवळ ‘वेडाचार’ वाटते. म्हणूनच केवळ प्रार्थनेने वा शपथेने दारू सोडविण्याचा आग्रह सदिच्छेतून आला तरी तो घातक होय.

जालन्याचा वारसा : बेथेल

जालन्यातील ख्रिस्ती कार्याचा विचार रेव्ह. नारायण शेषाद्री यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या शेषाद्रींनी 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनच्या वतीने जालना परिसरात कार्य केले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी त्यांनी जालन्यानजीक बेथेल ही वसाहत उभारली. गावगाड्यात स्थान नाकारल्या गेलेल्या माणसाला उपदेशापूर्वी उभे राहण्यास जागा हवी, हे त्या वसाहतीमागील सूत्र म्हणता येईल.

बेथेल हा व्यसनमुक्तीचा प्रयोग नव्हता. तथापि निवारा, उद्योग आणि सहजीवन यांची जी सांगड तेथे घातली गेली, तीच पुढे मद्यासक्तांसाठीच्या ख्रिस्ती कार्यात दिसून येते. त्याचबरोबर बेथेलची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. तेथील जागा प्रामुख्याने धर्मांतरितांसाठी होती. छप्पर आणि श्रद्धा एकाच दाराने आत येत होती.

मुक्तिफौज ते बारा पायऱ्या

विल्यम व कॅथरिन बूथ यांनी 1865 मध्ये पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तीत सुरू केलेल्या कार्यातून मुक्तिफौज उदयास आली. 1882 मध्ये फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली ती मुंबईत पोहोचली. बूथ यांनी 1890 मध्ये मांडलेल्या योजनेत निराश्रितांना प्रथम शहरातील निवारा व काम, त्यानंतर शेतीची वसाहत असा क्रम होता. भुकेल्या माणसाला उपदेश ऐकू येत नाही, ही जाणीव तीत होती.

दुसरा प्रवाह अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्कमधील कॅल्व्हरी चर्चच्या वतीने निराश्रित मद्यपींसाठी एक आश्रयस्थान चालविले जाई. बिल विल्सन हा मद्यासक्त गृहस्थ 1934 मध्ये तेथे गेला होता. पुढच्याच वर्षी त्याने डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची पायाभरणी केली. या चळवळीच्या बारा पायऱ्यांवर ख्रिस्ती कबुलीजबाब, पश्चात्ताप व परतफेड यांचा ठसा स्पष्ट आहे. परंतु तिने ‘आपल्याला उमजेल तसा ईश्वर’ असा मोकळा शब्द स्वीकारला, आणि त्यामुळे ती कोणत्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या माणसासही खुली झाली. एका व्यसनाधीनाने दुसऱ्याला हात देणे हे तिचे खरे बळ होय. माळ घातल्यानंतर वारकऱ्याला दिंडीचा जो आधार लाभतो, त्याच्याशी या रचनेचे साम्य महाराष्ट्रीय वाचकास सहज जाणवेल. नियम एकट्याने पाळायचा असला तरी वाट सर्वांसोबत चालायची असते.

महाराष्ट्रातील उदाहरण : कृपा फाउंडेशन

फादर जो परेरा या कॅथलिक धर्मगुरूंनी 1981 मध्ये मुंबईतील वांद्रे येथे कृपा फाउंडेशनची स्थापना केली. ही संस्था केवळ बेघरांसाठी नाही. तथापि बारा पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीची जोड देऊन तिने ख्रिस्ती प्रेरणेचे कार्य धर्माच्या कुंपणाबाहेर नेले. फादर परेरा यांना 2009 मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणने ख्रिस्ती अधिष्ठानाविना हेच ध्येय समोर ठेवले. या दोन्ही उदाहरणांवरून असे म्हणता येते की प्रेरणा धार्मिक असू शकते, परंतु उपचाराचा लाभ धर्मनिरपेक्ष असावयास हवा.

संमती व कायदा

येथेच मूळ प्रश्न उपस्थित होतो. ज्याच्यापाशी अन्न, अंथरूण आणि औषध यांपैकी काहीच नाही, त्याने दिलेला होकार कितपत स्वेच्छेचा मानावा? भारतीय संविधानाचा अनुच्छेद 25 धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देतो. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. प्रार्थनेला बसल्याशिवाय ताट मिळणार नाही, अशी अट असेल तर ती कायद्याच्या कक्षेत येवो वा न येवो, सेवेच्या कल्पनेलाच छेद देते. भूतकाळात बेथेलमध्ये जे एकाच दाराने आत आले, त्यासाठी आज दोन स्वतंत्र दारे असणे आवश्यक आहे. हा निकष अर्थातच केवळ ख्रिस्ती संस्थांना लागू होतो असे नाही. तो प्रत्येक धर्माच्या अन्नछत्रास व आश्रमास लागू होतो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 नुसार मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात होतो. निराधार व बेघर रुग्णांना शासकीय आरोग्यसंस्थांत मोफत उपचारांचा हक्क या अधिनियमाने दिला आहे. स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशा भटकणाऱ्या रुग्णाला संरक्षणाखाली घेण्याचे कर्तव्य त्याने पोलिसांवर सोपविले आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान 100 व्यक्तींच्या कायम निवाऱ्याची सोय अपेक्षित होती. 2011 मध्ये जालना शहराची लोकसंख्या 2,85,577 होती. या हिशेबाने तेथे सुमारे 285 व्यक्तींची सोय आवश्यक ठरते.

निवारा आधी की व्यसनमुक्ती आधी, हा वाद जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून सॅम त्सेम्बेरिस यांनी राबविलेल्या प्रयोगात व्यसन सोडण्याची अट न घालता प्रथम घर देण्यात आले. निवारा हे चांगल्या वर्तनाचे बक्षीस नसून उपचाराची पूर्वअट आहे, हा त्यामागील विचार होता.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की ख्रिस्ती सेवाकार्याचे सर्वांत मोठे देणे उपदेशाचे नसून सोबतीचे आहे. व्यसनी माणूस पुन्हा घसरला तरी त्याच्याकडे पाठ न फिरविण्याची चिकाटी शासकीय यंत्रणेत सहजासहजी निर्माण होत नाही. श्रद्धेतून ती निर्माण होऊ शकते. याउलट वैद्यकीय सुरक्षितता व हक्काची हमी केवळ श्रद्धेतून मिळत नाही. जालन्यासारख्या जिल्ह्यात शासकीय रुग्णालय, नागरी निवारा व सेवाभावी संस्था यांची सांगड घालताना महाविद्यालयांच्या समाजकार्य विभागांना व राष्ट्रीय सेवा योजनेला महत्त्वाची भूमिका बजावता येईल. अशा प्रत्येक उपक्रमास एकच प्रश्न विचारला जावा : येथे आलेला माणूस प्रार्थनेला ‘नाही’ म्हणाला, तर रात्री त्याचे अंथरूण शाबूत राहील काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तरच त्या सेवेला सेवा म्हणता येईल.