वैद्यकीय उपकरणांची खरेदी आणि विक्रेत्याचा परवाना

प्रस्तावना :
महाविद्यालयाचे आरोग्य केंद्र, परिचर्या व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळा तसेच आरोग्य तपासणी शिबिरे यांसाठी वैद्यकीय उपकरणांची खरेदी वारंवार करावी लागते. प्रचलित पद्धतीनुसार तीन दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि सर्वांत कमी दराच्या पुरवठादारास खरेदी आदेश दिला जातो. कागद किंवा खुर्च्यांच्या बाबतीत ही पद्धत पुरेशी ठरते. परंतु रक्तदाबमापकाने चुकीचा आकडा दाखविला अथवा सुई निर्जंतुक नसली, तर वाचविलेल्या पैशांचे मोल रुग्णाला चुकवावे लागते. म्हणून दरांची तुलना करण्यापूर्वी पुरवठादाराच्या परवान्याची पडताळणी होणे आवश्यक आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी :
भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये होते. या कायद्याखालील वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. प्रारंभी मोजकीच उपकरणे नियमनाखाली होती. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणांचा 'औषध' या व्याख्येत समावेश झाला. धोक्याच्या प्रमाणानुसार उपकरणांचे ए, बी, सी व डी असे चार वर्ग आहेत. तापमापक बी वर्गात, तर हृदयाची कृत्रिम झडप डी वर्गात मोडते. ए व बी वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्य प्राधिकरण देते. सी व डी वर्गांसाठी आणि सर्व आयातीसाठी केंद्रीय प्राधिकरणाची अनुमती लागते.

विक्रेत्यासाठी २०२२ च्या दुरुस्तीने नमुना एमडी-४२ मधील नोंदणी प्रमाणपत्राची तरतूद झाली. औषध विक्रीचा परवाना असलेल्यासही उपकरणे विकता येतात. विक्रेत्याकडे योग्य साठवणुकीची जागा व पात्र तांत्रिक व्यक्ती असावी आणि खरेदी-विक्रीची नोंद ठेवली जावी, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते.

नोंदीचे महत्त्व :
परवाना म्हणजे उत्पादकापासून रुग्णापर्यंतच्या उत्तरदायित्वाच्या साखळीतील एक दुवा होय. ही साखळी तुटल्यास काय घडते, हे एएसआर या कृत्रिम खुब्याच्या प्रकरणातून दिसून आले. डीप्यू कंपनीने तो २०१० मध्ये जगभरातून परत मागविला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. परंतु कंपनीच्या मदतवाहिनीकडे नोंद झालेले रुग्ण सुमारे १,०८० एवढेच होते. उर्वरित रुग्णांपर्यंत पोहोचणे कठीण झाले. यावरून स्पष्ट होते की, केवळ परवाना पुरेसा नाही. वापरणाऱ्या संस्थेनेही आपली नोंद जपली पाहिजे.

खरेदी समितीने घ्यावयाची दक्षता :
१) दरपत्रकासोबत विक्रेत्याच्या प्रमाणपत्राची प्रत मागवावी व त्यावरील नाव आणि पत्ता देयकाशी पडताळावा.
२) वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, गट क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक आणि आयात वस्तू असल्यास आयातदाराचे नाव व आयात परवाना क्रमांक पाहावा. काही निर्जंतुक नसलेल्या व मापन न करणाऱ्या ए वर्गीय साधनांना उत्पादन परवान्यातून सूट आहे, हे ध्यानात घ्यावे.
३) निर्जंतुक साधनांची मुदत व वेष्टनाची स्थिती तपासावी.
४) देयकावर गट क्रमांक लिहून घ्यावा व त्याची साठा नोंदवहीत नोंद करावी.
५) उपकरणामुळे अपाय झाल्यास २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उपकरण दक्षता कार्यक्रमाकडे कळवावे. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे.

समारोप :
पक्के देयक न देणारा पुरवठादार स्वस्त वाटला, तरी दोष आढळल्यावर त्याच्याकडे दाद मागता येत नाही. त्यामुळे परवाना सादर न करणाऱ्याचे दरपत्रक तुलनात्मक तक्त्यात घेऊच नये. ज्यांचे दरपत्रक या कसोटीस उतरते, त्यांच्यातच कमी दराचा विचार व्हावा. असे केल्यास काटकसर आणि रुग्णसुरक्षा या दोन्ही गोष्टी साध्य होतात.