कंठ कोणाचा?

गायकाचा आवाज ही त्याची ईश्वरदत्त मिळकत, असें आम्ही आजवर मानीत आलों. ती चोरीस जाईल, ही शंका कोणास शिवली नव्हती. परंतु जुलै २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयापुढें हीच तक्रार आली. आपल्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें हुबेहूब नक्कल करून देणाऱ्या साधनांविरुद्ध सुप्रसिद्ध पार्श्वगायक अरिजित सिंग यांनीं दाद मागितली, व न्यायालयानें तूर्तातूर्त मनाई हुकूम दिला.

ही नक्कल होते कशी? गायकाचीं ध्वनिमुद्रणें यंत्रास पुरविलीं जातात. ज्या गुणामुळें पलीकडल्या खोलींतूनही 'हा अमक्याचा आवाज' म्हणून आपण ओळखतों, ती नादाची जाति यंत्र त्यांवरून टिपून घेतें. मग पुष्कळदां गातो दुसराच कोणी. सूर, लय, शब्दफेक सारें त्या दुसऱ्याचें. यंत्र त्यावर पहिल्याचा कंठ चढवितें. मुखवटा एकाचा, मेहनत दुसऱ्याची!

ए. आर. रहमान यांनीं 'लाल सलाम' (२०२४) या तमिळ चित्रपटाच्या एका गीतांत शाहुल हमीद व बंबा बक्या या दिवंगत गायकांचे आवाज यंत्रद्वारां पुन्हां उभे केले. कुटुंबीयांची संमति घेतली, मोबदलाही दिला. व्यवहार चोख झाला, हें आम्ही आनंदानें मान्य करतों.

आमची चिंता निराळी आहे. नामांकित गायक येण्यापूर्वीं नवोदिताकडून गीताचें कच्चें मुद्रण करून घ्यावयाचें, अशी मुंबईच्या चित्रपटव्यवसायांत जुनी रूढी आहे. कविता कृष्णमूर्ति यांनीं अशीं मुद्रणें पुष्कळ केलीं. 'मिस्टर इंडिया' (१९८७) मधील 'हवा हवाई' हें गीतही त्यांनीं प्रथम तात्पुरतें म्हणूनच गायिलें होतें. तें संगीतकारांस पसंत पडलें, कायम राहिलें, आणि घरोघरीं त्यांचें नांव झालें. कच्च्या मुद्रणावर प्रसिद्ध कंठ परस्पर चढवितां येऊं लागला, तर नवोदितानें गावयाचें तें गावेंच लागेल. हें दार मात्र बंद होईल. न्यायालयाकडे धांव घेतो तो ज्याचा आवाज ओळखीचा आहे तो. ज्याचा आवाज अद्याप कोणी ओळखीतच नाहीं, त्यानें दाद कशाची मागावी?

ज्यांचीं मुलें-मुली या व्यवसायांत पाऊल टाकीत असतील, त्यांनीं करारावर सही होण्यापूर्वीं एवढें अवश्य पाहावें: दिलेल्या मुद्रणाचा पुढें काय उपयोग होणार, त्यावर दुसऱ्याचा आवाज चढविला जाणार काय, आणि तसें झाल्यास नांव व मोबदला कोणास, याचें स्पष्ट कलम त्यांत आहे कीं नाहीं.