जनुकातले सांधे, प्रथिनातले टाके

अंधुक उजेडात आपल्याला दिसते ते ऱ्होडॉप्सिन या प्रथिनामुळे. दृष्टिपटलातील दंडपेशींमध्ये, मेदाच्या पातळ पटलात ते रुतून बसलेले असते. ३४८ अमिनो आम्लांची ही साखळी गोधडीतल्या धावदोऱ्यासारखी सात वेळा त्या पटलाच्या आरपार जाते. एकदा पार व्हायला साधारण २० ते २५ अमिनो आम्लांचा मळसूत्री तुकडा लागतो. पटलाचा गाभा तेलकट, म्हणून या तुकड्यातली बहुतेक आम्लेही पाण्यापासून दूर राहणारी असतात.

१९८३ मध्ये जेरेमी नेथन्स आणि डेव्हिड हॉगनेस यांनी गाईच्या ऱ्होडॉप्सिनचे जनुक उलगडले. ते सलग नव्हते. मजकुराचे पाच तुकडे, म्हणजे एक्झॉन, आणि मधे चार इंट्रॉन. हे इंट्रॉन पेशी आरएनएमधून कापून टाकते. चारांपैकी तीन इंट्रॉन नेमके तिथे होते, जिथे पटल ओलांडणारा एकेक तुकडा संपतो! एक्झॉनांची जुळवाजुळव होऊन नवी प्रथिने घडली असावीत, ही कल्पना वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्येच मांडली होती. तिला यामुळे बळ मिळाल्यासारखे वाटले.

पण १९८६ मध्ये बीटा-२ ग्राहीचे जनुक हाती आले. अ‍ॅड्रेनलिनचा निरोप पेशीत पोहोचवणारे हे प्रथिन ऱ्होडॉप्सिनचेच नातलग, तेही सातदा पटल ओलांडणारे. त्याच्या मजकुरात मात्र एकही इंट्रॉन नाही. म्हणजे अशी घडण व्हायला जनुकात सांधे असलेच पाहिजेत असे नाही.

माझ्या मते खरा दुवा आणखी खाली, अक्षरांत आहे. डीएनएची तीन अक्षरे मिळून एक अमिनो आम्ल ठरते. ज्या त्रिकुटांचे मधले अक्षर टी आहे, अशी १६ त्रिकुटे आहेत. ती फेनिलअ‍ॅलानिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, मेथिओनिन आणि व्हॅलिन एवढीच आम्ले देतात, आणि ही पाचही पाण्याला टाळणारी! त्यामुळे पटल ओलांडणाऱ्या तुकड्याच्या साठ-सत्तर अक्षरांत मधल्या जागी टीची दाटी दिसते. तिथे एका टीचा ए झाला, जीटीजीचे जीएजी झाले, की व्हॅलिनच्या जागी विद्युतभार असलेले ग्लुटामिक आम्ल येते. तेलकट गाभ्यात ते सहसा निभत नाही.

प्रथिन डोळ्यांनी न पाहता, केवळ क्रमातले हे तेलकट पट्टे शोधून संगणक पटल-प्रथिनांची जनुके ओळखतो. सजीवांच्या जनुकांपैकी साधारण पाव हिस्सा अशा प्रथिनांचा आहे, हा अंदाज याच वाचनातून निघाला.